एकाच रोपाचे सहा ठसे

माती लाटायची, तिच्यावर झाड पसरायचं, हलक्या हाताने दाबायचं आणि माती ओली आहे तोवर चिमट्याने अलगद उचलून घ्यायचं. ठसा माझा, झाड ताईचं. ताई वनस्पतिशास्त्र शिकवते. इथली मूळची, हळूहळू नाहीशी होणारी झाडं माझ्या फरशांवर उतरवून भिंतभर मांडायची, हे खूळ तिचंच. दोन वर्षं झाली. आता मला हिरवं काही दिसलं की जांभई येते.

त्या मंगळवारी तिने वीतभर रोप आणलं, मुळांसकट. पानं दोनच.

"अख्ख्या टेकडीवर एवढं एकच उरलंय," ती म्हणाली. "ठसा घेतलास की लगेच कुंडीत लाव. जगलं तर बी मिळेल. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं बाई."

कसलं ऐकतेय! चाळीस फरशा वाळायच्या होत्या आणि उभ्या उभ्या माझे डोळे मिटत होते. रोप उचलायचं राहूनच गेलं. वाळून ते मातीच्याच रंगाचं झालं आणि बाकीच्यांबरोबर भट्टीत गेलं. हजार अंशांवर. भट्टी उघडली तेव्हा राखसुद्धा नव्हती, नुसता ठसा होता. 

संध्याकाळी ताईचा फोन. "कसंय रोप?"

"छान आहे," मी म्हटलं. जीभ कशी रेटली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ठशात तीन पानं होती. मोजण्यात चूक झाली असेल. दमलेल्या माणसाच्या मोजण्याचं काय घेऊन बसलात!

पुढच्या भट्टीत पाच कोऱ्या फरशा होत्या, कडेला लावायला. माझ्याच हाताने लाटलेल्या, गुळगुळीत. त्या बाहेर आल्या आणि पाचहींवर तेच रोप. एकीवर कळी, एकीवर उमललेलं फूल. मी ते फूल जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी मातीचा नवा गोळा तारेने कापला. आत, ओल्या मातीत, केसासारखी बारीक पोकळ मुळं गेली होती.

गोळा झाकून ठेवला. दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताई आली ती थेट फरशा ठेवलेल्या माझ्या कामाच्या टेबलाशी गेली.

"अगं, फूल! याचं फूल कुणीच पाहिलेलं नाही. तू कधी पाहिलंस?"

मग मला राहवेना. "ताई, मी भाजलं गं ते. चुकून. मेलं ते. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती." मला रडूच फुटलं.

ती रागावेल असं वाटलं. ती फरशा सरकवत होती, एकीला एक लावून. एका फरशीचं मूळ पुढच्या फरशीवर बरोबर जुळत होतं. सहाही जुळल्या. शेवटची मुळं टेबलाच्या कडेपर्यंत आली होती.

"इथे तूच बसतेस ना?"

"मीच. का?"

"अंगठा दाब मातीवर."

"काहीतरीच काय तुझं!"

"दाब गं."

दाबला.

उमटल्या त्या माझ्या अंगठ्याच्या रेषा नव्हत्या. मधोमध एक शीर होती, दोन्हीकडे बारीक फाटे, कडेला दाते.

ताईने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. दोन वर्षांत तिचा इतका आनंदी आवाज मी ऐकला नव्हता.

"ताई, मला भीती वाटतेय."

"हलू नकोस."

तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, नळाखाली भिजवलं आणि माझा हात कोपरापर्यंत गुंडाळला. बोटांची टोकं तेवढी उजेडात ठेवली. मग मनगटाला सुतळीने एक चिठ्ठी बांधली. तिच्या सुबक अक्षरात वर तारीख होती. खाली लिहिलं होतं, 'बी धरेपर्यंत जागेवरून हलवू नये.'