एकाच पत्त्याचे दोघे

दार उघडणाऱ्या बाईंनी आधी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आमचे हे आत पडलेत. तुम्हाला मी बोलावलंय, त्यांना सांगितलेलं नाही."

गार्गी खैरनारने चपला बाहेर काढल्या आणि हत्यारांची पिशवी आवाज न करता जमिनीवर टेकवली. दुपारचे दोन वाजले होते. नवव्या मजल्यावरच्या त्या घराच्या खिडकीतून नाशिकभर पसरलेले टॉवर दिसत होते. केतकी शौचे बासष्ट वर्षांच्या होत्या. सात वर्षांपूर्वी मेंदूज्वरातून त्या वाचल्या, पण आठवण धरून ठेवण्याची मेंदूची ताकद गेली ती गेलीच. तेव्हापासून त्यांच्या उजव्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा स्मृतिवाहक होता. त्या जे पाहत, ऐकत, ते तो बिनतारी लहरींवरून बैठकीतल्या स्मृतिकोठीकडे पाठवी आणि लागेल ते तिथून परत आणी. जुन्या आठवणीही डॉक्टरांनी वेळीच कोठीत उतरवून घेतल्या होत्या. अशा घरांतली नेटवर्क दुरुस्त करणं हेच गार्गीचं काम. इतरांकडे नेटवर्क बिघडलं तर सिनेमा अडकतो, इथे माणूस अडकतो.

"काय त्रास होतोय, काकू?"

"बोलता बोलता शब्द जातो. गॅसपाशी उभी असते आणि कशाला आले तेच कळत नाही. आणि हल्ली जुन्या गोष्टीही गळायला लागल्यात. हे म्हणतात, वय झालं. वयानं असं होत नाही हो. हे कुणीतरी खिशातून काढून घेतल्यासारखं आहे."

गार्गीने खोलीखोलीत जाऊन लहरींची ताकद मोजली. कुठेच कमी नव्हती. टॅब बिनतारीवर नीट चालत होता, तारेवरचा टीव्हीही चालत होता. म्हणजे राउटर ठीक, हवा ठीक. तुटत होता तो फक्त स्मृतिवाहक, तोही दर काही मिनिटांनी क्षणभर. तिने राउटरची यादी उघडली आणि कपाळाला आठी पडली. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आपला वेगळा पत्ता असतो. इथे केतकीबाईंच्या पत्त्यावर दोघे हक्क सांगत होते, एक हवेतून आणि एक तारेतून.

तार राउटरमागून निघून भिंतीच्या कडेने अभ्यासिकेत गेली होती. गार्गीने दार ढकललं. आत टेबलापाशी एक गृहस्थ बसले होते, आणि ते झोपेतून उठलेले मुळीच दिसत नव्हते. पराग शौचे, दूरसंचाराचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्यासमोर एक जुना संगणक चालू होता. तार त्यातच शिरली होती.

"ती केबल काढू नका," ते म्हणाले.

"सर, हा संगणक त्यांचा पत्ता वापरतोय."

"माहीत आहे. मीच दिलाय. कोठी बाहेरच्या कुणाचा हुकूम ऐकत नाही. त्यातलं काही पुसायचं, तर हुकूम तिच्याच पत्त्यावरून यावा लागतो."

"आणि दोघांनी एकदम हाक मारली की राउटर तारेचं ऐकतो, त्या बाहेर पडतात," गार्गी म्हणाली. "तेवढ्यात त्यांचा शब्द जातो. पण हा सारखा का बोलतोय कोठीशी?"

"पहारा देतोय. एक बातमी पुन्हा कुठून आत आली तर लगेच पुसायला."

"कुठली बातमी?"

"मलाही ऐकायचंय," मागून आवाज आला. केतकीबाई दारात उभ्या होत्या.

गार्गीने संगणकावरची नोंदवही उघडली. दोन वर्षांत सहा मोठ्या नोंदी पुसल्या होत्या आणि सहाही नोंदींवर एकच नाव होतं.

"आमचा मिहीर?" केतकीबाई पुढे वाकल्या. "तो तर जहाजावर आहे. समुद्रात केबल टाकतात ना, तिथे. तिथून फोन लागत नाही."

परागसरांनी एक कळ दाबून पहारा थांबवला आणि गार्गीकडे पाहिलं. "तुम्ही सांगाल? तिथे सगळं लिहिलंय. नुसतं वाचा." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात निघून गेले आणि मागोमाग नळाचा आवाज सुरू झाला.

गार्गीचा संताप झाला. पण बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. तिने वाचलं. मिहीर शौचे, वय बत्तीस, वादळात डेकवरून वाहून गेला. शरीर मिळालं नाही.

केतकीबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "जेवला होता का?"

"काकू..."

"म्हणजे सकाळी झालं की रात्री? बघ ना, लिहिलं असेल."

"पहाटे."

"मग उपाशीच," त्या म्हणाल्या. नंतर जो आवाज त्यांच्या घशातून निघाला तो गार्गीने आयुष्यात ऐकला नव्हता. ती तिथेच जमिनीवर त्यांच्याजवळ बसून राहिली. मनगट सोडवून घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही.

ऊन भिंतीवरून सरकलं तेव्हा केतकीबाईंनी मान वर केली. पराग दारात उभे होते.

"हे मला आधी सांगितलं होतंस?"

"सहा वेळा."

"आणि तू पुसलंस?"

त्यांनी कळ दाबली. संगणकातून केतकीबाईंचाच आवाज आला, फाटलेला. "पुसून टाक, पराग. हे घेऊन नाही जगायचं मला." मग दुसरा, मग तिसरा. शब्द थोडे वेगळे, मागणं तेच. त्यांनी सहाही ऐकले.

"पुसून टाक," त्या म्हणाल्या. "सातव्यांदा सांगते. परवानगी आहे माझी."

"काकू, थांबा," गार्गीला राहवलं नाही. "दुःख ओसरतं. वर्ष जातं, दोन जातात. माझे बाबा गेले तेव्हा मलाही वाटलं होतं की..."

"तुझ्या डोक्यात ते झिजलं, बाळ. वरचेवर आठवून आठवून बोथट झालं. माझं त्या कोठीत आहे. तिथे काही जुनं होतं का?"

कोठीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर अभिमानाने छापलेलं असायचं, एकही आठवण कधीही पुसट होणार नाही. उद्या सकाळी ही बातमी इतकीच ताजी असेल, दहा वर्षांनीही आजच्याइतकीच.

परागसरांनी हुकूम दिला. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली. मनगटावरची पकड हळूहळू ढिली पडली. केतकीबाईंनी ओल्या गालाला हात लावला, बोटांकडे नवलाने पाहिलं आणि मग समोरच्या अनोळखी मुलीकडे.

"अगं बाई, जमिनीवर का बसलीस? पराग, पाणी तरी दिलंस का हिला?"

लिफ्टपर्यंत सोडायला परागसर आले.

"तुम्हाला माझा राग आला असेल."

"मुलाची बातमी परक्या माणसाच्या तोंडून ऐकवलीत, सर. तुम्ही नळ सोडून आत उभे राहिलात."

"कोठीत आठवणी सुट्या नसतात, तुम्हाला माहीतच आहे. एकीला दुसरी बांधलेली असते. बातमी पुसायची तर तिच्याकडे नेणारा प्रत्येक धागा पुसावा लागतो, नाहीतर ती चाचपडत पुन्हा तिथेच पोचते. आणि सगळ्यात जाड धागा असतो सांगणाऱ्याचा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सहा वेळा मी सांगितलं. पहिल्यांदा आमची ओळख झाली ते वर्ष गेलं. मग लग्न. मग मिहीरच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्यात होतो, ते. माझं नाव तिला अजून येतं. आज मी सांगितलं असतं, तर तेही गेलं असतं."

गार्गीने लिफ्टचं बटण दाबलं.

"तुमचं तिच्यापाशी एक दुपार सोडून काहीच नव्हतं," ते म्हणाले. "ती दुपार गेली. तुमचं काही बिघडलं नाही. पहारा पुन्हा सुरू केलाय, म्हणजे बिघाडही चालूच राहणार आणि तीन-चार महिन्यांत तो तिच्या पुन्हा लक्षात येईल. ती पुन्हा फोन करील."

लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं आणि आपोआप मिटलं. गार्गीने पिशवीतून कामाचा कागद काढला. 'दोष दूर झाला का' यापुढची चौकट तिने रिकामी सोडली. खाली शेरा लिहायला जागा होती. कागद भिंतीवर टेकवून तिने लिहिलं : या घरून तक्रार आल्यास दर वेळी गार्गी खैरनार हिलाच पाठवावे.