पुढे ओढलेली सीट

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाने गाडीच्या पोटात हात घालू नये, असं चष्मेवाल्याच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. पण तिचे दिवस भरत आले होते. इस्पितळ टेकडीपलीकडे, वाट सगळी वळणांची, आणि गाडी तर प्रत्येक वळणाला अशी कण्हायची की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. रोज सकाळी गाडीखाली लालसर तेलाचं थारोळं असायचं. स्टीअरिंग एवढं जड झालं होतं की ते फिरवताना त्याच्या नाकी नऊ यायचे. गॅरेजवाला नेमका आजारी पडलेला. तेव्हा एका दुपारी दुकान लवकर बंद करून चष्मेवाल्याने बाह्या सरसावल्या.

गाडी जुनी, एका म्हाताऱ्या सुइणीची. ती गेल्यावर तिच्या भाच्याने विकायला काढली होती. किल्ली हातात देताना तो म्हणाला होता, "मावशीने जन्मभर हेच केलं बघा. येणाऱ्याला घ्यायला जायची, आणि जाणाऱ्याला सोडायलाही. कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की उशाशी बसून राहायची."

मावशी अंगाने एवढीशी होती, म्हणून तिची सीट पार पुढे ओढलेली, आणि तिथेच गंजून घट्ट बसलेली. चष्मेवाला गुडघे हनुवटीला लावून गाडी चालवायचा. बायकोचं पोट तर त्या सीटवर मावणंच शक्य नव्हतं. ती मागे बसायची आणि पुढे बघून हसायची.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोला सांगितली नव्हती. संध्याकाळी तो पुढची चाकं सरळ करून गाडी दाराशी लावायचा. सकाळी ती वळलेली असायची. घराकडे. नेमकी त्यांच्या दाराकडे.

"तेल गळतंय, चाकं ढिली पडत असतील," असं त्याने स्वतःला समजावलं. पण गेल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा आकडा बघून पट्टा पुन्हा बांधला होता, आणि तेव्हापासून भाच्याचं ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. घ्यायला, की सोडायला? या दारात मावशी कशासाठी येत होती? त्याला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. गळती थांबली की चाकंही जागच्या जागी राहतील, एवढ्या एका आशेवर तो कामाला लागला होता.

समोरच्या घरातले काका जॅक घेऊन आले. काकांनी अख्खी नोकरी बस चालवण्यात घालवली होती. आता एकटेच राहायचे, आणि गल्लीतल्या प्रत्येकाची टिंगल करणं हा त्यांचा पूर्णवेळ धंदा झाला होता.

"अरे चष्मेवाल्या, याला नंबरचा चष्मा बसवणार का तू?"

"काका, स्टीअरिंगच्या तेलाच्या पाइपची क्लिप गंजलीय फक्त. ती बदलतो, नवं तेल भरतो. झालं."

"आणि हवा कोण काढणार? तेलात हवा राहिली की कण्हणं चालूच राहतं बाबा. चाकं उचलून ठेव, इंजिन बंद, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. एकाने फिरवायचं, एकाने तेलाच्या डबीतले बुडबुडे बघायचे. एकट्याचं काम नाही ते."

"मग थांबा ना तुम्ही."

"मी जरा पाठ टेकून येतो. जन्मभर लोकांना सोडत आलो, आता माझी पाठ मला सोडत नाही." आपल्याच विनोदावर खोखो हसत काका रस्ता ओलांडून गेले.

दोघांनी मिळून चाकं आधीच उचलून टेकूंवर ठेवली होती. चष्मेवाल्याने जुनी क्लिप काढली, पाइपचं चिरलेलं टोक कापलं, नवी क्लिप आवळली आणि तेल भरलं. बारीक स्क्रूंची सवय असलेल्या हातांना ते काम अवघड गेलं नाही. एव्हाना टेकडीवरून धुकं उतरलं होतं. समोरचं घरही दिसेनासं झालं, आणि गल्लीतले आवाज एकेक करून विझत गेले.

"अगं, ऐकलंस का?" वर केलेल्या बॉनेटआडून त्याने घराकडे हाक मारली. "जरा स्टीअरिंग फिरवायला येतेस?"

उत्तर आलं नाही. पण थोड्या वेळाने पावलं वाजली. गाडीचं दार उघडलं, मिटलं. गाडी किंचित हलली, अगदी किंचित.

"किल्ली लावलेली आहे. डावीकडे घे... सावकाश."

चाकं डावीकडे वळू लागली. डबीतल्या तेलावर फेस आला.

"आता उजवीकडे..."

चाकं उजवीकडे वळली. बुडबुडे येत होते, फुटत होते. तेलाच्या वासात आता दुसराच कसला तरी वास मिसळला होता, इस्पितळात हात धुवायला ठेवतात त्या साबणाचा. आणि आतून पुटपुटणं ऐकू येऊ लागलं.

"हळू... जोर नको... हं, आता श्वास सोड..."

श्वासाचे व्यायाम करतेय वाटतं, असं मनात म्हणून तो हसला. पुढे त्याला काही सांगावंच लागलं नाही. चाकं आपणहून वळत राहिली, टोकाला जायच्या जरा आधी थांबायची, परत फिरायची. होता होता तेल नितळ झालं. एकही बुडबुडा उरला नाही.

"झालं गं! ये बाहेर."

दार उघडल्याचा आवाज आला नाही.

त्याने बॉनेट खाली घेतलं. काचेपलीकडे सीट रिकामी होती. पार पुढे ओढलेली, स्टीअरिंगला जवळजवळ चिकटलेली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की बायको तिथे बसूच शकत नव्हती. त्याची पाचावर धारण बसली.

"अहो..." घराच्या दारात बायको चौकट धरून वाकली होती. "केव्हाची हाका मारतेय... सुरू झालंय..."

मग घाबरायलाही सवड उरली नाही. त्याच्या आरड्याओरड्याने काका धावत आले, टेकू काढले, गाडी खाली घेतली. "नीघ! मागे बघू नकोस!" म्हणाले.

टेकडीची वळणं सुरू झाली. धुक्यात दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. पण गाडी कण्हत नव्हती. स्टीअरिंग एका बोटाने फिरत होतं, आणि एकदोनदा तर त्याने वळण बघण्याआधीच फिरलं. त्याने हात काढले नाहीत. मनातल्या मनात तो एकच विचारत राहिला, "मावशी... घ्यायलाच आलात ना?"

मुलगी झाली. बाळ सुखरूप, आई सुखरूप. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन तसं सांगितलं तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो बाकावर बसून लहान मुलासारखा रडला.

"तुमच्यामुळे धीर आला हो," बायको थकलेल्या आवाजात म्हणाली. "सगळ्या वाटेने सारखं म्हणत होतात ना, हळू, जोर नको, श्वास सोड..."

वाटेत त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्याने बायकोचा हात हातात घेतला आणि मान डोलावली. मग बाहेर रिकाम्या गाडीपाशी जाऊन त्याने टपावर हात ठेवला, मनापासून हात जोडले. आता काही भीती नव्हती.

बाळाला घरी आणलं तेव्हा काका दारातच उभे. बाळाचं बोट धरून म्हणाले, "बापाने गाडी बरी केली हो! मानलं." चष्मेवाल्याने चाकं सरळ केली, गाडी दाराशी लावली, आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

सकाळी तो दूध घ्यायला बाहेर आला. गाडीखाली जमीन कोरडी होती, तेलाचा टिपूस नाही.

पण चाकं वळलेली होती. या वेळी घराकडे नव्हे, रस्त्यापलीकडे. काकांच्या फाटकाकडे.

काका ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी हात हलवला. "काय रे, आज तुझी गाडी माझ्याकडे बघतेय की!"

तो हसला नाही. घाईघाईने गाडीत शिरला आणि इंजिन चालू केलं. कण्हण्याचा आवाजसुद्धा नाही, सगळं कसं मऊ, नीट. त्याने स्टीअरिंग सरळ करायला घेतलं.

ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. त्याच्या दोन हातांमध्ये आणखी कुणाचे तरी हात होते, छोटे आणि घट्ट. साबणाचा वास आला.

"जोर नको..." कानाशी कुणीतरी म्हणालं.

समोर काका अजून हात हलवत होते.