मिरजेचा संसर्गांक

शहरस्पंद प्रयोगशाळेच्या भिंतीएवढ्या पडद्यावर अख्खी मिरज पसरली होती आणि तिच्या कोपऱ्यात एकच आकडा होता: ०.९१. डॉ. हर्षद केळुसकर सकाळपासून त्या आकड्याकडे डोळे वटारून पाहत होते. आकडा काही घाबरत नव्हता.

शीतल आवटी ओळखपत्र परत करायला आल्या, तेव्हा त्यांना कुणी बसा म्हटले नाही. ओळखपत्र टेबलावर ठेवून त्या आपल्या आपण दाराशेजारच्या खुर्चीवर बसल्या. अकरा वर्षे त्या या प्रयोगशाळेच्या नोंदकर्त्या होत्या. रोज वीस-पंचवीस कार्यशाळा पायी फिरायच्या, ‘नवीन काय?’ विचारायचे आणि वहीत उतरवायचे, एवढेच काम. तीन आठवड्यांपूर्वी ते काम श्रवणकणांकडे गेले. मोहरीएवढी ही यंत्रे प्रत्येक कार्यशाळेच्या भिंतीत बसवली होती. तिथले बोलणे ऐकून नवी कल्पना निघाली की ती लगेच कळवीत. शीतलताईंना शाल-श्रीफळ मिळाले. त्या दिवशी घरी जाऊन त्या रडल्या होत्या, कारण हजारो लोकांच्या कल्पना लिहिता लिहिता आपल्या नावावर एकही नाही, हे त्यांना फार लागले होते.

“हा आकडा कसला, ते मला एकदा सरळ सांगा,” डॉ. रूथ वाघचौरे म्हणाल्या. त्या साथरोगतज्ज्ञ. केळुसकरांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते.

“कल्पनासंसर्गांक. एका कल्पनेमुळे दुसरीकडे सरासरी किती नव्या कल्पना जन्मतात, ते. एकाच्या वर असेल तर शहर वाढत जातं. खाली गेला, की विझायला लागतं.”

“म्हणजे माझ्या गोवरासारखंच.”

“तुमचा गोवर घालवायचा असतो, मॅडम. आमचा टिकवायचा आहे.”

आणि तो टिकायलाच हवा होता. चौदाशे नवोद्योग या गावात नांदत होते. तंबोरे घडवणाऱ्यांच्या शेजारी चित्रपटांचे आवाज घडवणारे, दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत कृत्रिम हात आणि कंठ बनवणारे. बारा दिवसांनी नवनिर्मिती मंडळाचा परीक्षक येणार होता. आकडा एकाच्या खाली दिसला तर ‘नवनिर्मितीनगर’ हा दर्जा जाणार, आणि पोरे पुन्हा मोठ्या शहरांच्या वाटेला लागणार.

श्रवणकण बिघडलेत का, असे रूथबाईंनी विचारले. केळुसकरांनी ते तीनदा तपासले होते. माणसे भेटत नाहीत का, तर तेही नाही.

“साथीत एक वाहक असतो,” त्या म्हणाल्या. “त्याला स्वतःला ताप येत नाही, म्हणून तो कुठल्याच यादीत नसतो. पण घरोघरी ताप तोच पोचवतो. तुमचा आकडा पडायला कधी लागला?”

“तीन आठवडे झाले.”

“तीन आठवड्यांपूर्वी इथून कोण गेलं?”

केळुसकरांनी दाराकडे पाहिले. शीतलताईंना वाटले, आता आपल्यावर काहीतरी शेकणार.

“मी काही केलं नाही, सर,” त्या घाईने म्हणाल्या. “आत जायचे, बसायचे, लिहायचे.”

“आत गेल्या गेल्या लगेच लिहायचात?” रूथबाईंनी विचारले.

शीतलताईंना हसू आले. बाई मिरजेत नव्या दिसत होत्या. इथे पाहुण्याने आल्या आल्या प्रश्न विचारायची रीतच नाही. आधी घरचा माणूस विचारणार, “कुठनं आलासा? तिकडं काय चाललंय?” त्याचे साग्रसंगीत उत्तर दिल्याशिवाय तो तुमच्या एका प्रश्नाला दाद देणार नाही. म्हणून त्या सांगायच्या. तंबोरे घडवणाऱ्या इम्तियाजचाचा शिकलगारांकडून उठून अबोलीच्या कृत्रिम कंठाच्या कार्यशाळेत गेल्या, तेव्हा त्यांनी सांगितले होते, की चाचा तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात आणि मग कुठे तार बोलायला लागते. अबोलीने दुसऱ्या दिवशी आपल्या कंठातल्या पडद्याखाली तसाच तंतू घातला. घशाचे ऑपरेशन झालेल्या माणसांचा पत्र्यासारखा आवाज माणसाचा झाला. वहीत नाव लागले अबोलीचे.

“ताई, तुमच्या वह्या कुठे आहेत?” केळुसकरांचा आवाज बदलला होता.

वह्या तळघरात होत्या. अकरा वर्षांचे रोजचे फिरण्याचे क्रम यंत्रात भरायला दोन दिवस गेले. आजवर ते कुणी भरलेच नव्हते. प्रयोगशाळेच्या नियमावलीत पहिलेच कलम होते, मोजणाऱ्याने स्वतःला मोजायचे नाही, आणि ते केळुसकरांनी स्वतः मोठ्या अभिमानाने लिहिले होते. पडद्यावर शीतलताईंच्या फेऱ्यांची एक लाल वाट उमटली. दहांतल्या सात नव्या कल्पना त्या वाटेवर जन्मल्या होत्या, बरोबर एका मुक्कामाच्या अंतराने; एका कार्यशाळेतले पुढच्या कार्यशाळेत रुजले होते.

केळुसकरांनी डोक्याला हात लावला. “आमचे श्रवणकण सगळं ऐकतात,” ते म्हणाले, “पण त्यांना कुणी कुठनं आलासा म्हणून विचारत नाही.”

शीतलताई त्या लाल वाटेकडे पाहत राहिल्या. आपण अकरा वर्षे वाया घालवली नाहीत, एवढेच त्यांच्या मनात येत होते, आणि ते किती मोठे आहे हे त्यांना हळूहळू कळत होते. त्यांनी ओळखपत्र टेबलावरून उचलून पुन्हा गळ्यात घातले आणि त्या तडक फेरीला बाहेर पडल्या.

बाराव्या दिवशी आकडा १.४६ होता. एवढा तो कधीच चढला नव्हता, कारण तीन आठवड्यांत गल्लीगल्लीत साठून राहिलेले सगळे एकदम वाहू लागले होते. अबोलीचा कंठ एका चित्रपटवाल्याने बोलक्या हत्तीसाठी उचलला; त्या हत्तीची सोंड पाहून कृत्रिम हातवाल्यांना लवचीक मनगट सुचले. बातमी फुटली तेव्हा गुरुवार पेठेत ताशा वाजला.

परीक्षक श्री. देवराजन यांनी आकडा तपासला, दर्जा कायम केला आणि जाता जाता एखादी कार्यशाळा पाहू म्हणाले. शीतलताईंनी त्यांना इम्तियाजचाचांकडे नेले. साहेबांनी उभ्या उभ्याच प्रश्न काढले. चाचांनी तिकडे लक्षच दिले नाही.

“बसा की. कुठनं आलासा? तिकडं काय चाललंय?”

देवराजन गोंधळले, मग बसले. कालच कोइंबतूरची एक कार्यशाळा पाहिल्याचे त्यांनी सांगितले. तिथली पोरे नारळाच्या काथ्यापासून हाडासारखा हलका पदार्थ बनवतात. चाचांच्या हातातली कानस थांबली. तंबोऱ्याला लागणाऱ्या भोपळ्यांच्या तुटवड्याने ते दोन वर्षे हैराण होते.

“हलका, म्हणता? आतनं पोकळ करता येतो?”

शीतलताईंनी वही उघडून लिहायला घेतले. साहेबांनी डोकावून पाहिले आणि ते दचकले. “माझं नाव कशाला? मी फक्त परीक्षक आहे. मला मोजू नका.”

“मीही अकरा वर्षं हेच म्हणत होते, साहेब,” शीतलताई म्हणाल्या आणि साहेबांच्या नावाच्या वर, पहिली वाहक म्हणून, त्यांनी ठळक स्वतःचे नाव लिहिले.