पतिरामची लंगडी सायकल

या जावईबापू, बसा. सायकल टेकवा त्या धानाच्या रचलेल्या पुंजन्याले, पुंजना काही पळून नाही जात. अन् नंदलाल, तुमी जावयाचे दोस्त, म्हंजे आमचे अर्धे जावईच. शेकोटीत दोन काड्या टाका. शेकाले सारे येते, काडी टाकाले कोनी नाही.

या खुशालबापूले, आमच्या जावयाले, नवी सायकल काय भेटली, पाय जमिनीले लागून नाही राहिले! बायकोले मांगं बसवून आत्ताच निंगतो म्हनते केशोरीले. सकाळपावेतो दम नाही. अन् जातो कुठून, त नहराच्या काठच्या पारीवरून. जा ना बाप्पा, मी कायले अडवू? सायकल तुमची, बायको तुमची, हाडं तुमची.

हासता? हासा. चुन्नीलालच्या, तुमच्या सासऱ्याच्या, हुक्क्यात मिरची कोनं भरली होती ते इचारा त्याले. दंडारीच्या खेळात राक्षसाच्या शेपटीले फटाके बांधनारा झामसिंग तो मीच. सारं गाव लबाड म्हनते मले. म्हनून हे गोष्ट मी सांगत नाही. लबाड मानसानं खरं सांगितलं का ते जास्तच खोटं वाटते.

पन तुमी पारीवरून जाता म्हनता. मंग आयका.

दोन वर्स झाले. जपानची लढाई संपली, त्या वर्सीचा पोळा. पोळ्याची रात म्हंजे अमावास्या. आपला हात आपल्याले दिसत नाही.

पतिराम माहा लंगोटीदोस्त. गावात पहिली सायकल त्याची. गोंदियाच्या कोन्या रेल्वेबाबूची जुनी, ब्रेक नाही, बत्ती नाही, घंटी तेवढी लगित जोरात वाजे. शिकताना दोनदा नहरात पडला अन् एकदा माह्या शेनाच्या ढिगात. लढाईत टायर कुठं भेटत नोहता. मांगचा टायर फाटला त गड्यानं जुन्या जोड्याचं चामडं कापलं, टायरवर ठेवलं अन् सुतळीनं आवळून टाकलं. मंग चाक फिरलं का ते चामडं जमिनीवर पडे. थप. पुन्हा फिरलं का, थप. धुळीत लांब रेघ, अन् मधामधात सुतळीच्या गाठीची फुली. पोट्टेही ओळखे, पतिराम गेला म्हनून.

मी म्हनो, "तुही सायकल लंगडते गा, पतिराम."

तो म्हने, "लंगडते त लंगडते. घरी त आनते."

एकच पोरगी त्याले, दुर्पता. केशोरीले देल्ली. सन आला का हा सायकल घेऊन जाये अन् तिले मांगं बसवून आने. रस्ताभर तोंड बंद नाही. प्रतापगडाचा डोंगर आला का म्हने, "तो पाह्य बाई, जुन्या राजाचा किल्ला. तो महादेव. तो दर्गा." जसं पोरीनं कधी पाहलंच नाही! अन् दोन घंट्या वाजवे. एक महादेवाची, एक दर्ग्याच्या बाबाची. म्हने, "पोरगी घेऊन चाललो, देवाले सांगून जा लागते." मंग आपल्या नहराच्या पारीचा चढ. तिथं दुर्पता उतरे, हा सायकल ढकले. भात्यासारखा धापा टाके अन् म्हने, "मी थकलो नाही, सायकल थकली."

असा मानूस.

दुर्पताचं पयलं लेकरू सासरी झालं अन् सासरीच गेलं. एक रात जगलं. त्यानंतर दुर्पता लगित भेली. दुसऱ्यांदा दिवस गेले, सातवा सरत आला, तवा तिनं चुड्या भरनाऱ्या कासाराच्या तोंडी सांगावा धाडला. "बाबाले सांगजो, औंदा मले इथं ठेवू नका. मायजवळ न्या."

आपली रीत त तुमाले मालूम आहे. पोरीनं एकटीनं माहेरी पाय नाही टाकायचा, न्यायले मानूस आला पायजे. नवरा सुदाभोळा, पन मायपुढं मुका. सासूनं सांगून टाकलं, "पोळ्याच्या रातीपावेतो बाप आला त नेऊ दे. सकाळी कर लागते, करीच्या दिवशी सून उंबरठ्याबाहेर नाही धाडत मी. अन् मंग आठवा लागला का वाट बंद."

पतिराम आज जातो, उद्या जातो. धानाचा रोवना लांबला. मंग बैलाच्या पायाले लागलं. शेवटी पोळाच आला. मालक नसन त बैल तोरनाखाली कोन नेईन? बैलाचा सन चुकवला त वर्सभर बैल तोंडाकडं पाहत नाही, असं म्हने तो. तोरन तुटलं तवा दिवस बुडून राहिला होता. बैलाले पोळी चारली. सोता काही खाल्लं नाही. त्याची बायको बायजाबाई म्हने, "दोन घास खा." तो म्हने, "ताट झाकून ठेव. पोरीले आनून मंग तिच्यासंगं जेवतो."

हँडलले कंदील बांधला अन् निंगाला. बायजाबाई दारात उभी. थप… थप… पारीवरून आवाज गेला, तोवर उभी.

आता पुढचं दुर्पताच्या तोंडचं. तिनं मले सांगितलं तसं सांगतो.

ते गठुडं बांधून ओसरीवर बसली होती. सासूनं आतून कडी घालाले घेतली. म्हने, "उठ आता. नाही येत तुहा बाप."

तवा आवाज आला. थप… थप… थप.

कुंपनाजवळ थांबला.

"माहे बाबा आले," म्हनून हे धावली. सासूनं दारातून वाकून पाहलं. म्हने, "पाहुना आंधारात आला? कंदील काऊन नाही?" पन पोळ्याची रात सरली नोहती. बाप न्यायले आला होता. सासूनं हातातली कडी सोडली.

पाहुन्याले पानी देते आपन. दुर्पतानं गडवा भरून नेला. पतिराम कुंपनाच्या आत नाही आला. सायकल धरून उभा. तोंड दिसे ना.

"बाबा, पानी घ्या."

"नको बाई," म्हने. "पानी लगित झालं."

हे मांगं बसली. निंगाले.

पयले पयले दुर्पताच बोले. माय कशी आहे? गाय व्याली का? झामाकाकानं पोळ्याले कोनाची खोडी काढली? … बाप "हूं" म्हने. मंग "हूं"ही कमी झालं. तिले वाटलं, थकले असन. तिनं पाठीले हात लावला. सदरा वल्ला चिंब. पानी नोहतं त्या दिवशी. आभाळ साफ.

"बाबा, वल्ले कायले झाले?"

…

"बाबा?"

"नहर," म्हने.

येवढंच.

प्रतापगडाचा डोंगर आला. काळा. दुर्पता वाट पाहे, आता म्हनन, तो पाह्य किल्ला. नाही म्हटलं. आता वाजवन घंट्या. नाही वाजवल्या.

"बाबा, घंट्या नाही वाजवल्या. देवाले नाही सांगितलं."

डोंगर मांगं गेला.

मंग तिच्या ध्यानात आलं. थप आवाज बंद आहे. कवापासून बंद, मालूम नाही. खडबड रस्ता, सातव्या महिन्याचं पोट, अन् पोटातलं पानी हालून नाही राहिलं. चाक फिरे. जमिनीचा आवाज नाही.

पारीचा चढ आला. हे उतराले गेली.

"बस," म्हने तो.

सायकल चढली. दोघाले घेऊन. धाप नाही. धाप काय… श्वास नाही. हिचा कान पाठीले लागला होता. आत काहीच वाजत नोहतं.

तिनं डोळे मिटून घेतले. भेव वाटलं का, मी इचारलं तिले. ते म्हने, "काका, भेव वाटलं. पन बाबाले सोडाव कसं वाटन?" तिनं सदरा घट्ट धरला. घरापावेतो सोडला नाही.

आपल्या वेशीजवळ आले त पहाट होऊन राहिली होती. तुमच्याकडं नारबोदीची बाहुली काढते ना, जावईबापू? इथंही काढते. करीच्या पहाटे तिले गावाबाहेर नेते, अन् सारे वरडते, रोगराई घेऊन जाय, भूत-परेत घेऊन जाय व नारबोद. गावात जे नाही पायजे ते सारं वेशीबाहेर. मशाली घेऊन पोट्टे समोरून येऊन राहिले होते. वरडत.

सायकल थांबली.

"उतर बाई," म्हने. "इथून तू जाय."

"अन् तुमी?"

"पोट्टे वरडून राहिले," म्हने. "मले नाही येता येत."

हे उतरली. गठुडं घेतलं. वळून पाहलं त मशालीचा उजेड रस्त्यावर पडला होता. रस्ता रिकामा.

पोट्ट्यांनी तिले पाहलं अन् वरडनं बंद झालं. मशाली खाली केल्या अन् वाट देल्ली.

मी पतिरामच्या अंगनात बसलो होतो. रातभर बसलो होतो. दुर्पता आली तशी हासून राहिली होती. म्हने, "काका, बाबा वेशीवरच थांबले पाहा. बोलवा ना त्याले. अन् येवढी मानसं काऊन जमली?"

तिले काय सांगाव बापू? अंगनात चटईवर पतिराम होता. चादर टाकलेली. भितीले सायकल टेकवली होती. समोरचं चाक जिलबीसारखं वाकडं, चेनीत नहराचं गवत, अन् खाली अजूनही टिप टिप पानी गळून राहिलं होतं.

नहराच्या गेटावर आडवी फळी राहते ना, जिच्यावरून आपन जातो? कोनीतरी आपल्या धानाच्या बांधीत पानी घ्याले फळी काढली अन् पोळ्याच्या गडबडीत परत टाकली नाही. पतिराम घरून निंगून चिलीमभर येळही झाला नोहता. पानी सोडनाऱ्या बकारामले सापडला. बैलगाडीत टाकून आनला. ज्या बैलाले पोळी चारली, त्यानंच आनला. केशोरीले निरोप सकाळी धाडाचा होता. त्या राती पारीवरून जाले कोनी तयार नाही झालं.

मीही नाही झालो. पतिराम झाला.

दुर्पता बराच येळ सायकलजवळ उभी राहिली. मंग चादरीजवळ बसली. वल्ला सदरा मुठीत धरला, जसा रस्ताभर धरला होता तसा. रडली नाही. म्हने, "माय, बाबा जेवले नसन." कोपऱ्यात ताट झाकलेलंच होतं.

कार्तिकात त्याच घरात तिले पोरगी झाली. जिती आहे, चांगली खट्याळ आहे. आज सकाळी तुमच्या सायकलची घंटी वाजवून पळाली ते पोट्टी, तेच.

थांबा, उठू नका. एक राहिलं.

दसव्याच्या राती आपन पीठ पसरवते ना. गेलेला मानूस जिथं झोपे, तिथं तांदळाचं पीठ, बाजूले दिवा, दाराले बाहेरून कडी. सकाळी पाहाचं, पीठात काय उमटलं. पाखराचा पाय उमटला त पाखरू झाला, बैलाचा खुर उमटला त बैल झाला. मांजर शिरू नये म्हनून दाराशी राखनीले झोपलो मी. सायकल वाकड्या चाकाची, गोठ्यात खुंट्याले टांगली होती.

सकाळी कडी काढली. सारे आत वाकले.

मंग सारे माह्याकडं पाहाले लागले.

बकाराम म्हने, "झामा, आज तरी नाही कराची होती खोडी." मी बैलाच्या शिंगावर हात ठेवला, पोरानातवाची आन घेतली. जिंदगीभर लबाडी केली ना, कोन मानन? तुमीही नका मानू.

एकट्या बायजाबाईनं नाही डाटलं मले. ते मांगून हळूच आली. म्हने, "भाऊजी, तुमी केलं असन त मले सांगू नका. कधीच सांगू नका."

मी नोहतं केलं, बापू.

पीठात सायकलच्या चाकाची रेघ होती. मधामधात सुतळीच्या गाठीची फुली. दाराकडून आत आली होती, त्याच्या झोपाच्या जागेपावेतो. मी रेघीले अंगठा लावून लावून पाहलं. बाहेर जाची रेघ कुठंच नोहती.