बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

रूपाली पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तीन गिऱ्हाइकं पळायला निघाली.

बिअर शॉपीत बाई येत नाही. मेडशीच्या फाट्यावर तर नाहीच. लखीराम आणि रूपला मागच्या दारानं थेट तुरीच्या शेतात शिरले. शालिग्रामकाकांना गुडघ्यामुळे पळता येत नाही. त्यांनी बाटली धोतराच्या घोळात लपवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दारात ती उभी होती. खांद्याला पिशवी, केसांवर सोयाबीनच्या मळणीची धूळ. अकोल्याच्या बसमधून उतरलेली.

"पाणी भेटन का, भाऊ?"

मी पाण्याची बाटली दिली. अर्धी पिऊन तिनं तुरीकडे पाहिलं.

"मले पाहून पळाले काय ते?"

"नाई मॅडम. कामं हायत त्यायले."

"चपला सोडून?"

मला हसू आलं. दोन वर्षांत मी त्या दुकानात हसलो नव्हतो. हसलो आणि लगेच लाज वाटली, कारण शालिग्रामकाका ज्या भिंतीकडे तोंड करून उभे होते तिथेच निकिताचा फोटो होता. निकिता माझी बायको. डेंग्यूनं नऊ दिवसांत गेली.

रूपाली एका बिअर कंपनीत तात्पुरती नोकरी करत होती. कंपनीनं चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेली एक बिअर पुन्हा काढली होती. तिला आयपीए म्हणतात. इंग्रजांच्या वेळची रीत, फार कडू. जुन्या रीतीनंच केली होती आणि आता पिणाऱ्यांना ती आवडते का हे कंपनीला पाहायचं होतं. चव पाहायला चाळीस बाटल्या फुकट. ज्यानं बाटली नेली त्यानं कार्डावर नाव, वय आणि आपलं मत लिहायचं. सोबत बाटलीचं झाकण आणून द्यायचं, म्हणजे बाटली उघडली हे कळतं. कार्डं न्यायला ती दर गुरुवारी येणार होती.

"लिहितीन ना लोकं?" तिनं विचारलं.

"लिहितीन की."

हे माझं पहिलं खोटं.

बाटल्या दोन दिवसांत संपल्या. मतं मात्र नुसती तोंडी आली.

"कडूनिंबाचा पाला उकळून भरला काय बे याच्यात?" लखीराम म्हणाला.

शालिग्रामकाकांनी तरुणपणी ट्रक चालवला होता आणि ही बिअर तेव्हाही प्यायली होती. ते म्हणाले, "तेवा बी अशीच होती. तेवा पैसे देऊन पेत होतो, आता फुकट बी जाऊन नाई राह्यली."

"मंग कार्डावर लिहा ना, काका."

"नाव लिहू? अन् सुनेनं वाचलं म्हंजे?"

खरी अडचण ती होती. मेडशीत पितात पुष्कळ, पण कागदावर नाव कोणी देत नाही. बुधवारपर्यंत एकही कार्ड आलं नाही. कार्डं नसतील तर ती पुन्हा कशाला येईल... हा विचार माझ्या मनात आला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं.

आमच्याकडचे लोक बाटली नेऊन शेताच्या बांधावर बसतात. सकाळी मी बांधाबांधानं झाकणं वेचत फिरलो.

"काय हरवलं बे, विकास?"

"किल्ली."

अकरा झाकणं सापडली. संध्याकाळी मी अकरा नावांनी अकरा कार्डं लिहिली. काही डाव्या हातानं.

गुरुवारी ती बाकावर बसून एकेक कार्ड वाचू लागली. "कडू हाय, पण माह्या सासऱ्याच्या बोलण्यापेक्षा कमी," या कार्डाला ती इतकी हसली की तिनं ओढणी तोंडात धरली. मी बाटल्या पुसायचं सोंग करत होतो.

"लय भारी लोकं हायत तुमच्या गावातले, विकासभाऊ."

"हायत तसे..."

"तुमी पेऊन पाह्यली?"

"मी पेत नाई."

"अन् विकता?"

"हलवाई कुठं पेढे खाते?"

ती पुन्हा हसली. ती गेल्यावर मी बराच वेळ त्या बाकाकडे पाहत बसलो.

पुढच्या बुधवारी आणखी चौदा कार्डं लिहिली. त्याच दिवशी मी निकिताचा फोटो काढला आणि गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवला. पालथा. मळणीची धूळ बसते म्हणून काढला, असं मी स्वतःला सांगितलं. भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन राहिला.

त्या गुरुवारी रूपालीनं कार्डं चाळली आणि म्हणाली, "विकास, यात एकबी बाई नाई."

नावापुढचा भाऊ गळून पडला होता. तिनं मुद्दाम गाळला की चुकून, हे मला कळलं नाही. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या.

"बाया पेत नाईत काय इकडं?"

"पेत असतीन... सांगत नाईत."

"एक तरी कार्ड आणा ना बाईचं." ती थांबली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "माह्यासाठी."

माझ्यासाठी कर, असं मला शेवटचं निकितानं म्हटलं होतं.

निकितानं आयुष्यात बिअरला हात लावला नव्हता. पण कडू तिला फार आवडायचं. ती कारल्याला मीठ लावून पिळायची नाही, भाजीत गूळही घालायची नाही. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "कडूपणाच काढला मंग कारलं कायले खायचं? हळू खा. मागून गोड लागते."

मी कार्डावर तेच लिहिलं. घाईनं पिऊ नका. हळू प्या. कडू आहे, पण मागून गोड लागते. नावाच्या रेघेवर पेन टेकवला आणि दुसरं काही सुचायच्या आत निकिता लिहून झालं. फाडता आलं असतं. मी फाडलं नाही.

पुढच्या गुरुवारी रूपालीनं ते कार्ड वाचलं आणि हसली नाही. पुन्हा वाचलं.

"कोण हाय ही?"

"हाय... गावातली."

"भेटवता काय?"

"माहेरी गेली. जऊळक्याले."

माहेर जऊळक्याचंच होतं. एवढंच त्यात खरं होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बस नीट थांबायच्या आतच ती उतरली. दुकानात येऊन तिनं काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला.

"आधी हे खा."

डब्यात कारल्याची भाजी होती. मी एक घास घेतला. न पिळलेलं, बिनगुळाचं. जिभेला ती चव दोन वर्षांनी लागली आणि मी चावायचा थांबलो.

"कडू झाली ना?" ती घाबरली. "त्या बाईचं कार्ड वाचून मी जीव लावून कडूच ठेवली..."

"चांगली झाली."

"मंग डोळ्यात पाणी कायचं?"

"मिरची..."

"मिरची टाकलीच नाई मी," ती म्हणाली आणि हसत फोन माझ्यापुढे धरला. "आता हे पाहा."

फोनवर एका चिठ्ठीचं चित्र होतं. बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं अडकवतात तशी. वर लिहिलं होतं: हळू प्या. मागून गोड लागते. खाली: निकिता, मेडशी.

"साहेबानं हेच निवडलं. हरेक बाटलीच्या गळ्यात राहीन. साऱ्या विदर्भात! अन् मले पक्की करून राह्यले नोकरीत. या एका कार्डानं, विकास... सोमवारी छापाले चालली."

ती इतकी खूश होती की तिच्याकडे पाहवत नव्हतं. जऊळक्याला स्टेशनसमोर बिअरचं दुकान आहे. त्या दुकानापुढून निकिताची आई, प्रयागबाई, रोज सकाळी दूध घेऊन जाते. तिच्या मेलेल्या मुलीचं नाव बाटल्यांच्या गळ्यात टांगलेलं असणार होतं. टांगणारा मी. गप्प बसलो तर रूपालीची नोकरी होती, दर गुरुवार होता. बोललो तर काहीच नव्हतं.

मी कप्पा उघडला आणि फोटो काउंटरवर ठेवला, उताणा. सुकलेला हार अजून तसाच होता. खाली नाव आणि दोन तारखा होत्या.

रूपालीनं नाव वाचलं. तारखा वाचल्या.

"माही बायको," मी म्हणालो. "बिअर नाई पेली तिनं कधी. कारल्यासाठी म्हणे ते."

"अन् बाकीचे कार्डं?"

"सारे माहेच."

"झाकणं?"

"बांधावरून येचले."

तिनं बाकाकडे पाहिलं. "म्हंजे तीन गुरुवार मी तुमचंच वाचून हसून राह्यली होती. अन् तुमी तिथं उभं राहून पाहून राह्यले होते."

मी मान खाली घातली.

"काहून केलं असं?"

"कार्डं नसते तं तुमी आल्या नसत्या."

 तिनं भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बोट केलं. "मले वाटलं तिथं कॅलेंडर होतं. मी येतो म्हणून काढला काय फोटो?"

मी फोटोवरचा सुकलेला हार सरळ केला.

तिनं डब्याचं झाकण लावलं. भाजी तशीच होती, एक घास कमी. "जातो, विकासभाऊ," ती म्हणाली.

तो भाऊ मला आठ दिवस पुरला.

पुढचा गुरुवार कोरडा गेला. शालिग्रामकाका दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. "बस तं आली बापा," म्हणाले आणि बाकावर टेकले. मी फोटो पुसून काउंटरवर ठेवला होता. भिंतीवर लावायची हिंमत होत नव्हती. निकिताला काय सांगून लावायचा?

त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी ती दारात उभी राहिली. हातात कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, पायाशी नव्या बाटल्यांचं खोकं. लखीराम आणि रूपला तुरीकडे निघाले तशी ती ओरडली, "थांबा! कोणी पळू नका."

दोघे थांबले.

"कंपनीले सारं सांगतलं मी," ती मला म्हणाली, माझ्याकडे न पाहता. "चिठ्ठी नाई छापत. मले पक्कं करणं सहा महिने पुढं गेलं. खरे मतं आणा म्हणे." मग ती बाकावर बसली आणि पहिल्या कार्डावरची नावाची रेघ तिनं खोडून टाकली. "काका, नाव नाई लिहत. नुसतं वय सांगा."

"असं पहिलेच सांगाचं ना, पोरी!" शालिग्रामकाका सरसावले. "लिही. वय अडुसष्ट. तेवा बी कडू, आता बी कडू. पण तेवा माहे दात होते, म्हणून चव बरी लागे."

"दाताचा काय संबंध, काका?"

"तू लिही ना."

लखीरामनं कडूनिंब सांगितला. रूपला म्हणाला, "मले आवडली बापा. मले शुगर हाय. डॉक्टरनं गोड बंद केलं, हे तं नाई केलं." तासाभरात बांधावरचे, फाट्यावरचे, पंक्चरच्या दुकानातले सगळे येऊन उभे राहिले. कोणी थुंकला, कोणी अजून एक मागितली. ती प्रत्येकाचं जसंच्या तसं लिहीत होती. मध्येच ती हसली, आणि या वेळी ते हसणं माझ्यामुळे नव्हतं. मला बरं वाटलं.

सगळे पांगले. एक कार्ड उरलं.

"तुमचं," ती म्हणाली.

मी बाटली उघडली, एक घोट घेतला.

"सांगा."

"कडू हाय."

"मागून गोड लागते?"

मी वाट पाहिली. "नाई लागत. मले नाई आवडली."

"नाव लिहू?"

"लिहा. विकास, वय छत्तीस."

तिनं लिहिलं आणि कार्ड इतरांच्या वर ठेवलं. मग काउंटरवरचा फोटो उचलून तिनं ओढणीनं काच पुसली. "चढा," म्हणाली आणि स्टूल धरलं.

मी फोटो खिळ्याला अडकवला. तसाच भिंतीकडे तोंड करून म्हणालो, कारण समोर बघून बोलता आलं नसतं, "मले तुमी आवडता, रूपाली. अन् मले लाज वाटते. हिची बी... तुमची बी."

 तिनं स्टूल सोडलं नाही.

"वाटू द्या," ती म्हणाली. "आपोआप कमी होईन तेवा होईन. मले घाई नाई."

मी उतरलो. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि निकिताच्या फोटोखाली, बाकावर ठेवला. झाकण उघडलं. दोन चपात्या आणि कारल्याची भाजी.

"मांगच्या टाइमले एकच घास खाल्ला होता तुमी."

फाट्यावर अकोल्याची बस येऊन थांबली. कंडक्टरनं दुकानाकडे पाहून घंटी दिली, एकदा, दोनदा.

"तुमची बस..." मी म्हणालो.

"दिसून राह्यली मले," रूपाली म्हणाली आणि चपातीचा तुकडा तोडून माझ्या हातात दिला.