एका पत्त्यावर दोघं

मी गेलो होतो ते साध्या कामाला. नारीन शहराच्या वर, डोंगरातल्या खिंडीपलीकडच्या खोऱ्यात एक लहान इस्पितळ आहे. तिथे एक्स-रे आणि स्कॅनची चित्रं एका पेटीसारख्या यंत्रात साठवतात. त्या साठ्याची देखभाल माझ्याकडे. जागा भरत आली होती, म्हणून नव्या डिस्क बसवायच्या होत्या. काम सकाळीच आटोपलं, पण निघायच्या आत बर्फाने खिंड बंद केली.

"खिंडीला तू आवडलास," बेयशेन आके हसले. ते तिथले वीजवाले; वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे आके, म्हणजे दादा, म्हणतात. "आता बायकोला कळव, मेंढीचं कालवण खाऊनच येतो म्हणून."

बाहेर धुकं इतकं दाट होतं की भरदुपारी खिडकीला कुणी चादर लावल्यासारखं वाटत होतं. आम्ही चहा ओतत होतो, तेवढ्यात घसरगाडीवरून कालदारबेकला आणलं. मेंढपाळ होता. घोडा बर्फावरून घसरला आणि याचं डोकं दगडावर आपटलं. त्याची बायको साल्किनाय शेजारी चालत आली होती. त्याची टोपी तिने छातीशी धरली होती, ती कुणी मागितली तरी देईना.

स्कॅन झाला. त्या यंत्राचा स्वतःचा पडदा कधीच बिघडलेला, त्यामुळे चित्र आधी साठ्यात जायचं आणि तिथून डॉक्टरांच्या खोलीत दिसायचं. त्या दिवशी दिसलं नाही. साठा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लाल अक्षरं आली : जोडणी नाही.

"तालाय, सकाळी तूच हात लावला होतास ना?" बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, दारातून म्हणाल्या. इस्पितळातल्या एकट्या डॉक्टर, हातमोजे चढवलेले.

"एजे, सकाळी सगळं नीट होतं."

"मग आता नीट कर. याच्या कवटीत रक्त साचतंय. कुठल्या बाजूला ते मला वरून कळत नाही. डावी की उजवी, एवढंच सांग. चुकीच्या बाजूला भोक पाडलं तर दुसरं पाडायला हा उरणार नाही."

मी तार बदलली. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा लावला. जोडणी क्षणभर व्हायची आणि तुटायची. दारात कुणीतरी कुणाला मागे ढकलावं तशी. असं एकाच कारणाने होतं. तारांनी जोडलेल्या जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. चुकून दोन यंत्रांचा पत्ता एकच झाला की एकाचा निरोप दुसऱ्याला जातो आणि दोघं भांडत बसतात.

खात्री करायला मी पेटीची तारच काढून टाकली. आता त्या पत्त्यावर कुणी असायला नको होतं. मी संगणकावरून तिथे हाक पाठवली.

उत्तर आलं.

पुन्हा पाठवली. पुन्हा आलं, जरा उशिराने. तिसरं आणखी उशिराने. कुणी लांबून, पाय ओढत यावं तसं.

"आके, दुसरी पेटी आहे का हो कुठे?"

"होती, जुन्या वॉर्डात. छप्पर कोसळलं त्यात चिरडली. मीच भंगारात दिली." चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. "आणि... एक माणूसही होता आत. रस्त्यावर सापडलेला. शुद्धीवर आलाच नाही कधी. नाव कळलं नाही बिचाऱ्याचं. तसाच पुरला."

सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या डब्याकडे मी पाहिलं. एक दिवा भराभर लुकलुकत होता. त्याची तार भिंतीतल्या भोकातून जुन्या वॉर्डात गेली होती.

बेयशेन आके मधलं दार उघडून पलीकडे गेले. ओल्या चुन्याचा आणि जुन्या औषधांचा वास आत आला. "तारेचं टोक इथे बर्फावर पडलंय," त्यांचा आवाज आला. "मोकळंच आहे. कशाला जोडलेलं नाही."

दिवा लुकलुकतच होता. मी तार ओढली. ती ताठ झाली... आणि पलीकडून कुणीतरी ती ओढून घेतली. हळूच. माझं बोट भिंतीच्या भोकाशी जाऊन आपटलं.

"आके, सोडा ना! ही काय थट्टेची वेळ आहे?"

"मी..." ते दारात येऊन उभे होते. दोन्ही हात रिकामे. चेहरा चुन्यासारखा पांढरा. "मी धरलीच नाहीये, पोरा."

तार अजून ताठच होती.

"काप," ते कुजबुजले.

मी पक्कडीने तार कापली. भिंतीमागे कुणीतरी किती तरी वेळ रोखून धरलेला श्वास सोडला. मग काही नाही. मी पेटी पुन्हा जोडली, लाल अक्षरं गेली, चित्र उघडलं. "डावी!" एजे ओरडल्या आणि धावल्या.

दिवे लागायच्या सुमारास कालदारबेकने डोळे उघडले. साल्किनाय रडत होती, हसत होती, एजेंचे हात डोळ्यांना लावत होती. तो मात्र आमच्याकडे एकेकाकडे पाहत राहिला.

"माझं नाव काय?" त्याने विचारलं.

"डोक्याच्या माराने होतं असं," एजे म्हणाल्या.

बायकोने नाव सांगितलं. त्याने ते हळू उच्चारलं. मग पुन्हा एकदा. दुसऱ्याचा कोट अंगाला बसतो का पाहावं तसं. "माझंच ना?" तो म्हणाला. "आता कुणी परत मागणार नाही ना?"

मी वळून बेयशेन आकेंना शोधलं. ते खोलीत नव्हते.

गवत उगवल्यावर साल्किनायचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"बरे आहेत," ती म्हणाली. "खातात, झोपतात. माझ्यावर आवाजसुद्धा चढवत नाहीत, पूर्वी चढवायचे." मग तिने दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "तालाय, बेयशेन आकेंनी सांगितलं मला, त्या दिवशी तुम्ही तार कापलीत ना... तेव्हा पलीकडे नक्की कोण होतं?"

"का विचारताय?"

"संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वेळी कुंपणाबाहेरून शीळ येते. त्यांचीच शीळ, लग्नाआधीपासून ओळखते मी. हे तर घरात असतात, चहा पीत. म्हणतात, दार लाव, तो कुणी नाही." तिचा आवाज बारीक झाला. "मी लावते हो दार. पण मेंढरं आत येत नाहीत. बाहेर एका मोकळ्या जागेभोवती गोळा होतात... आणि खाली मान घालून, कुणी डोक्यावरून हात फिरवत असल्यासारखी उभी राहतात."