एकदाच अडखळणारा खेळ

"तोकुरासान, ताबडतोब खाली या! ही बाई मला चोर म्हणतेय!"

ओगाता फोनवर इतक्या जोरात ओरडला की तोकुरा सेत्सुकोंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. व्हिडिओ खेळांची यंत्रं, म्हणजे कन्सोल, बनवणाऱ्या हिसागो कंपनीच्या ओसाकातल्या इमारतीत चाचणी विभाग त्या सांभाळत. दुपारची फजिती त्यांच्या कानावर आली होती आणि तेव्हापासूनच त्या तापलेल्या होत्या.

पुढच्या कन्सोलमध्ये कोणता प्रोसेसर घालायचा, याचा आज निकाल होता. ओगाताच्या नमुन्यात सध्याच्याच कन्सोलच्या जातीचा प्रोसेसर होता. ताकदवान, पण विजेला हावरट. मिकामी शिओरीच्या नमुन्यात मोबाइलच्या जातीचा. थंड आणि काटकसरी. दोन्हींवर एकच खेळ चालवून दाखवायचा होता. मिकामीचा नमुना संचालकांसमोर थबकत राहिला. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, पाच वाजता मिकामीचा गट बरखास्त. तीन वर्षांचं काम कचऱ्यात.

तोकुरा प्रयोगशाळेत शिरल्या तेव्हा ओगाता येरझाऱ्या घालत होता. मिकामीचे डोळे लाल होते. तिच्याशेजारी विभागप्रमुख हामुरो मान खाली घालून उभे होते. मिकामीला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच. दुपारी संचालकांसमोर तिच्या वतीने कमरेत वाकून माफी मागितली तीही त्यांनीच.

"बसा सगळे. ओरडायचं असेल तर मी ओरडेन," तोकुरा म्हणाल्या. "यंत्रं ठेवता त्या कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे?"

"आम्हा तिघांकडे," मिकामी म्हणाली. "सकाळी माझा खेळ लोण्यासारखा चालत होता. हामुरोसाननी माझ्यासमोर सराव केला. जेवणाच्या सुट्टीत याने चोरून कपाट उघडून काहीतरी केलं!"

"मी उदोनच्या शेवया गिळत होतो!" ओगाता उसळला. "तुझं यंत्र लंगडं, त्याला मी काय करू?"

"यंत्र तापलं असेल," हामुरो हळूच म्हणाले. "चूक माझी. मिकामीला बोलू नका."

तोकुरांनी मिकामीकडे पाहिलं. "सराव सोपा गेला?"

"सोपा कसला! नव्या कन्सोलला जगभर एकच नियम ठेवलाय. खालचं बटण म्हणजे 'हो', उजवं म्हणजे 'मागे फिर'. आपल्या जपानी बोटांना लहानपणापासून उलटी सवय. याचा खेळ जुन्याच कन्सोलवरून जसाच्या तसा उचललेला, त्यात अजून उजवंच 'हो' आहे. आमची माणसं महिनाभर चुकत होती. हामुरोसान मात्र सकाळी एकदाही चुकले नाहीत. दर वेळी खालचंच बटण."

"दुपारी तू कुठे होतीस?"

"मागे. वेगाचे आकडे बघत होते."

"दुपारची चित्रफीत लाव."

संचालकांसमोर कंट्रोलर सगळ्यांत ज्येष्ठ माणसाने धरायचा, ही कंपनीची रीत. पडद्यावर हामुरो बसले होते. त्यांचा अंगठा उजव्या बटणावर पडला. खेळ सुरू झाला. पाण्यातून ऑक्टोपस वर आला आणि चित्र गचकन थांबलं. पुन्हा चालू. थोड्या वेळाने दुसरा ऑक्टोपस आला, तसाच मोठा, आणि सरळ निघून गेला. एक दगडी पूल कोसळला, चित्र पुन्हा थांबलं. पुढचा पूल कोसळला तेव्हा काहीच झालं नाही. प्रत्येक नव्या फेरीआधी हामुरोंचा अंगठा उजव्या बटणावर पडत होता.

तोकुरांनी चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा.

"ओगाता, तापलेला प्रोसेसर कसा वागतो?"

"आधी पळतो, मग दमतो. जितका वेळ जाईल तितका हळू."

"आणि कमजोर असेल तर?"

"जड चित्र आलं की दर वेळी अडखळतो."

"हा पहिल्या ऑक्टोपसला अडला, दुसऱ्याला नाही. शेवटाकडे तर सुधारत गेला. म्हणजे तापलाही नव्हता आणि कमजोरही नव्हता." तोकुरांनी खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. प्रोसेसरच्या प्रत्येक जातीची भाषा वेगळी. मिकामीचा खेळ तिच्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला होता. त्या जागी कुणीतरी ओगाताचा जुना खेळ घातला. परक्या भाषेतला. आता मध्ये दुभाष्या लागणार; जुने खेळ चालवायला तो यंत्रात असतोच. दुभाष्यासमोर नवं वाक्य आलं की तो थांबतो, विचार करतो, मग सांगतो. तेच वाक्य पुन्हा आलं की लगेच सांगतो, कारण उत्तर तयार असतं. म्हणून प्रत्येक गोष्टीला फक्त पहिल्यांदा अडखळणं!"

"बघा!" मिकामी ओगाताकडे वळली. "तुझाच खेळ!"

"खेळ त्याचा. हात त्याचा नाही," तोकुरा म्हणाल्या. "दुपारी यंत्रात मिकामीचा खेळ असता, तर उजवं बटण दाबल्यावर तो मागे फिरला असता. फिरला नाही. आणि ज्या माणसाने सकाळी दर वेळी खालचं बटण दाबलं, त्याने दुपारी दर वेळी उजवं दाबलं. एकदाही चाचपडला नाही. आत कोणता खेळ आहे हे त्या अंगठ्याला ठाऊक होतं. हो ना, हामुरोसान?"

हामुरोंनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"जुन्या प्रोसेसरची सगळी अवजारं मी बनवली," ते म्हणाले. "नव्यातलं मला निम्मंही कळत नाही. तो आला असता तर प्रत्येक गोष्ट पोरांना विचारत फिरावं लागलं असतं."

"मग विचारायचं होतं!" तोकुरांनी टेबलावर हात आपटला. "ही पोरगी तुला दिवसातून दहादा विचारायची. ती कधी लाजली? तिचा गळा कापलास आणि वर तिच्याच वतीने माफी मागितलीस!"

हामुरो उठून मिकामीसमोर वाकले. ती दोन पावलं मागे सरकली.

"माझ्यासमोर नको," ती म्हणाली. "जे आत्ता बोललात ते वर जाऊन संचालकांना सांगा."

"आणि माझं काय?" ओगाताने खुर्चीला लाथ घातली. "मला फुकट जिंकवलंत! उद्या माझा नमुना खरोखर जिंकला तरी लोक हसतील!"

"तुझा जिंकणार नाही," मिकामी नाक पुसत म्हणाली.

"मग लाव ना तुझा खेळ! आणि आधी माफी माग. चोर म्हणालीस मला."

"हरलास की मागते."

"जिंकलो तरी मागायची!"

तोकुरांनी तोवर फोन उचलला होता. "संचालकांना खाली पाठवा. नाही, उद्या नाही. पाच वाजायच्या आत. बैठकीत आहेत? मग अख्खी बैठक सोबत घेऊनच खाली या म्हणावं."